अगाथा ख्रिस्ती : निरपराध्यांची कैवारी

भूगोलाच्या पुस्तकाआड रहस्यकथा धरून वाचणारा विद्यार्थी आणि ती हळूच काढून घेणारे गुरुजी, हें दृश्य नांदेड-लातूरकडील शाळांना अपरिचित नाहीं. आज पालक झालेल्या कित्येकांनीं आपल्या विद्यार्थिदशेंत बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारासाठीं व काळापहाडासाठीं हा अपराध केला असेल. आणि त्यांचीं मुलें आज तोच अपराध दूरचित्रवाणीसमोर बसून करीत असतील. खून, विष आणि चोरी यांच्या गोष्टींनीं कोवळीं मनें बिघडतील, ही वडीलधाऱ्यांची चिंता अगदींच अनाठायीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अशा गोष्टी लिहून ज्यांनीं जगांतील कोट्यवधि वाचक आपलेसे केले, त्या बाईंचें चरित्र आम्ही जसजसें पाहूं लागलों, तसतशी एक निराळीच गोष्ट आमच्या ध्यानांत आली. त्यांना गुन्ह्याचें कौतुक नव्हतें. ज्याच्यावर खोटा आळ येतो, त्या निरपराध माणसाची त्यांना काळजी होती. त्या बाई म्हणजे अगाथा ख्रिस्ती. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सादर करावें, असें यंदा आम्हांस वाटलें.

या चरित्रास नाताळचें निमित्तही आहे. इंग्लंडांत नाताळच्या दिवसांत घरोघर माणसें एकत्र जमलीं, कीं दूरचित्रवाणीवर एखादी खुनाची रहस्यकथा पाहावयाची, अशी एक चालच पडून गेली आहे. बी. बी. सी. नें २०१५ सालीं २६ डिसेंबरपासून तीन रात्रीं ख्रिस्तीबाईंची ‘अँड देन देअर वेअर नन’ ही कथा दाखविली. २०१८ सालीं त्याच दिवसांत ‘दि ए. बी. सी. मर्डर्स’ दाखविली, आणि २०२३ च्या डिसेंबरअखेर ‘मर्डर इज ईझी’ ही एका इंग्रजी खेड्यांतील खुनांची कथा दाखविली. ही चाल दूरचित्रवाणीहूनही जुनी आहे. ख्रिस्तीबाई हयात असतां त्यांचें नवें पुस्तक नाताळच्या सुमारास बाजारांत येई. आणि आपल्याकडे दिवाळी अंक जसा फराळाबरोबर घरांत येतो, तसें तें नाताळच्या भेटींबरोबर इंग्रज कुटुंबांत जाई. ऐन सणांत, आनंदाच्या दिवसांत, माणसांना खुनाची गोष्ट कां आवडावी, हा प्रश्न कोणासही पडेल. त्याचें उत्तर या चरित्रांतच आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन नांवाचा परगणा आहे. तेथें समुद्रकांठच्या टॉर्की या गांवीं ‘ॲशफील्ड’ नांवाच्या घरांत १५ सप्टेंबर १८९० रोजीं अगाथा मिलर हिचा जन्म झाला. वडील फ्रेडरिक मिलर हे मूळचे अमेरिकन असून स्वभावानें मोठे आनंदी होते. आईचें नांव क्लारा. थोरली बहीण मॅज व भाऊ माँटी हे वयानें बरेच मोठे. त्यामुळें अगाथेचें बालपण बहुतेक एकटीनेंच खेळण्यांत गेलें. मुलांना आठव्या वर्षापर्यंत वाचावयास शिकवूं नये असें आईचें मत होतें. पण वाचून दाखविलेल्या गोष्टींतील शब्दांकडे पाहतां पाहतां ही मुलगी पांचव्या वर्षींच आपली आपण वाचूं लागली. अक्षरें न शिकतां एकदम शब्दच ओळखूं लागल्यामुळें तिचें शुद्धलेखन मात्र पुढें जन्मभर कच्चें राहिलें. ज्यांच्या वहींत तांबड्या शाईच्या खुणा अधिक असतात, त्यांना ही गोष्ट धीर देणारी आहे. तिचा आधार घेऊन कोणी आळस करूं नये म्हणजे झालें!

नियमित शालेय शिक्षण तिला फारसें लाभलें नाहीं. थोडे दिवस टॉर्की येथील एका मुलींच्या शाळेंत आणि पुढें पॅरिसमध्यें, एवढेंच तिचें शाळेशीं नातें. गणित तिला आवडे आणि पियानोवादनांत तर तिनें चांगलीच प्रगति केली होती. पण ती फार लाजाळू. चार लोकांपुढें वाजवावयाचें म्हटलें कीं तिचा धीर सुटे. म्हणून संगीतांत नांव मिळविण्याची आशा तिला सोडून द्यावी लागली. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत रंगमंचावर पाऊल ठेवतांच ज्यांची वाचा बसते, त्यांनीं हें लक्षांत ठेवावें. लोकांपुढें जिला बोलवत नसे, तिच्या लेखणीचें बोलणें पुढें साऱ्या जगानें ऐकलें.

१९०१ सालीं अगाथा अकरा वर्षांची असतां वडील वारले. घरची सांपत्तिक स्थिति आधींच खालावली होती. आतां ॲशफील्ड विकावें लागतें कीं काय, अशी पाळी आली. पुढच्याच वर्षीं मॅजचा विवाह जेम्स वॉट्स या गृहस्थाशीं झाला. वॉट्स कुटुंबाचा चेशर परगण्यांत ‘ॲबनी हॉल’ नांवाचा भला मोठा वाडा होता. नाताळ आला कीं आई अगाथेला घेऊन तेथें जाई. लांबच लांब दालनें, अनेक जिने, पाहुण्यांची गर्दी, भेटवस्तूंचा ढीग आणि जेवणाच्या मेजावर पदार्थांची रेलचेल! पोरक्या झालेल्या त्या मुलीच्या मनावर या नाताळांचा असा कांहीं ठसा उमटला कीं, साठ वर्षांनीं, १९६० सालीं, नाताळविषयक एक कथासंग्रह प्रसिद्ध करतांना त्यांनीं प्रस्तावनेंत ॲबनीच्या त्या दिवसांचें मोठ्या प्रेमानें स्मरण केलें. त्यांच्या कथांतील खेड्याबाहेरचीं कांहीं मोठमोठीं घरें या वाड्यावरून सुचलेलीं आहेत.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरूं झालें. त्याच वर्षीं २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशीं, अगाथेनें आर्चिबाल्ड ख्रिस्ती या वैमानिक दलांतील अधिकाऱ्याशीं विवाह केला. त्यांचा जन्म हिंदुस्थानांत झालेला असून त्यांचे वडील येथें न्यायाधीश होते. पति रणांगणावर गेल्यावर अगाथाबाई टॉर्की येथील जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत सेविका म्हणून राबूं लागल्या. पुढें त्यांस तेथील औषधशाळेंत काम मिळालें. आणि १९१७ सालीं औषधें तयार करण्याच्या कामाची परीक्षाही त्यांनीं दिली. कोणतें द्रव्य किती घेतलें म्हणजे औषध होतें आणि किती घेतलें म्हणजे विष होतें, हें त्या येथें शिकल्या.

या उमेदवारीच्या काळांतील एक प्रसंग विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावा. त्या ज्यांच्या हाताखालीं शिकत होत्या, ते औषधविक्रेते गांवांत मोठे निष्णात समजले जात. एके दिवशीं औषधाच्या वड्या तयार करतांना त्यांनीं हिशेबांत दशांश चिन्ह चुकीच्या जागीं दिलें. त्यामुळें प्रत्येक वडींत औषधाचें प्रमाण दसपट झालें. गणिताची आवड असलेल्या अगाथाबाईंच्या तें तत्काळ लक्षांत आलें. परंतु शिकाऊ मुलीनें गुरूची चूक दाखवावी कशी? आणि न दाखवावी, तर रोग्याच्या जिवाचें काय? त्यांनीं एक युक्ति केली. अडखळल्याचें निमित्त करून सगळ्या वड्या जमिनीवर सांडल्या, त्यांवर घट्ट पाय दिला, आणि वेंधळेपणाबद्दल क्षमा मागितली. वड्या पुन्हां कराव्या लागल्या. दोष आपल्या अंगावर घेऊन त्यांनीं एका अनोळखी रोग्याचा जीव राखला. दशांश चिन्हाकडे काणाडोळा करणाऱ्या आमच्या मित्रांनीं या एका टिंबाची किंमत ओळखावी!

त्याच गृहस्थांनीं एकदां खिशांतून एक काळसर खडा काढून दाखविला. तो ‘क्युरारी’ नांवाच्या भयंकर विषाचा होता. तो जवळ बाळगला कीं आपणांस आपल्या सामर्थ्याची जाणीव होते, असें त्यांचें म्हणणें होतें. दिसावयास साधा, बोलावयास गोड, आणि मनांत सत्तेची अशी विलक्षण हांव! हा माणूस अगाथाबाईंच्या स्मरणांत चाळीसांहून अधिक वर्षें घर करून राहिला. त्याचा उपयोग त्यांनीं पुढें कसा केला, तें यथाक्रम येईलच.

चांगली रहस्यकथा तुला लिहितां येणार नाहीं, असें मॅजनें आपल्या धाकट्या बहिणीस पूर्वीं एकदां डिवचलें होतें. औषधशाळेंत काम कमी असे तेव्हां भोंवतालच्या बाटल्यांकडे पाहतां पाहतां ती गोष्ट अगाथाबाईंस आठवली. त्या वेळीं जर्मन आक्रमणामुळें देशोधडीस लागलेले बेल्जियन निर्वासित टॉर्कींत येऊन राहिले होते. त्यांना पाहून, बेल्जियन पोलिसखात्यांतील एक निवृत्त अधिकारी हा आपल्या कथेचा नायक करावा, असें त्यांच्या मनांत आलें. ठेंगणा, अंड्यासारख्या डोक्याचा, मिशांचा अभिमानी, आणि टापटिपीचा अतिशय भोक्ता असा हर्क्यूल प्वारो तो हाच. घरदार गमावून परक्या देशांत आश्रयास आलेला मनुष्य त्याच देशांतील अन्यायांचा छडा लावतो, ही कल्पना आम्हांस फार हृदयंगम वाटते. १९१६ च्या सुमारास लिहिलेली ही कादंबरी एकामागून एक प्रकाशकांनीं परत पाठविली. एकानें तर तीं हस्तलिखितें जवळजवळ दोन वर्षें ठेवून घेतलीं आणि मग कांहीं फेरफार सुचवून स्वीकारलीं. १९२० सालीं ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ या नांवानें ती प्रसिद्ध झाली. लेखिकेस तिचे अवघे पंचवीस पौंड मिळाले. मात्र औषधशास्त्राच्या एका नियतकालिकानें त्यांतील विषाच्या वर्णनाची अचूकता वाखाणली, याचा त्यांस फार आनंद झाला.

१९२६ हें वर्ष त्यांच्या आयुष्यांत प्रकाश आणि अंधार एकदमच घेऊन आलें. ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ या कादंबरीनें त्यांची कीर्ति चोहोंकडे पसरली. पण त्याच वर्षीं आईचा मृत्यु झाला; आणि त्या दुःखांत असतांच, आपलें मन दुसऱ्या स्त्रीवर जडलें असून आपणांस घटस्फोट हवा आहे, असें पतीनें सांगितलें. ३ डिसेंबरच्या रात्रीं त्या मोटार घेऊन घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशीं ती मोटार सरे परगण्यांत टेकडीच्या उतारावर बेवारस सांपडली. शेंकडों पोलीस आणि हजारों स्वयंसेवक रानें व तळीं धुंडाळूं लागले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनींसुद्धां या शोधांत लक्ष घातलें. अकराव्या दिवशीं, १४ डिसेंबरला, उत्तरेकडील हॅरोगेट येथील एका हॉटेलांत दुसऱ्याच नांवानें राहात असलेल्या त्या आढळल्या. त्यांची स्मृति गेली होती असें घरच्यांनीं सांगितलें. अगाथाबाईंनीं आपल्या आत्मचरित्रांत या दिवसांविषयीं एक अक्षरही लिहिलें नाहीं.

त्या अकरा दिवसांत काय झालें याची चर्चा आम्हांस करावयाची नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें एवढेंच, कीं त्या दिवसांत वर्तमानपत्रांनीं पतीवर खुनाचा संशय घेतला. आणि त्या सुखरूप सांपडल्यावर, ही सगळी पुस्तकें खपविण्याची युक्ति होती, असा ठपका त्यांच्यावर ठेवला. खून झालाच नव्हता; तरीही सारें घर संशयानें काळवंडून गेलें. संशय हा काय पदार्थ आहे, त्याची आंच निरपराध्यास कशी लागते, हें कथा लिहिणाऱ्या बाईंनीं आतां स्वतः भोगलें. १९२८ सालीं घटस्फोट झाला. पदरीं नऊ वर्षांची मुलगी रोझालिंड, मन खचलेलें आणि पोटासाठीं लिहिणें भाग, अशी त्यांची स्थिति होती. लिहिणें हा आतांपर्यंत छंद होता. तो यापुढें व्यवसाय झाला, आणि मन असो वा नसो, त्या रोज लिहूं लागल्या.

त्याच वर्षीं शरद् ऋतूंत त्या एकट्याच ओरिएंट एक्स्प्रेसनें बगदादच्या प्रवासास निघाल्या. इराकांत ‘उर’ या प्राचीन नगराचें उत्खनन चाललें होतें. १९३० सालीं तेथें त्यांची मॅक्स मॅलोवन या तरुण संशोधकाशीं ओळख झाली आणि ११ सप्टेंबर १९३० रोजीं एडिंबरो येथें त्या दोघांचा विवाह झाला. हा संसार शेवटपर्यंत सुखाचा झाला. वर्षांतील कांहीं महिने त्या पतीबरोबर इराक-सीरियांतील तंबूंत राहात, सांपडलेल्या वस्तूंचीं छायाचित्रें घेत, आणि तुकडे जुळवीत. निमरूद येथें सांपडलेल्या हस्तिदंती मूर्तींवरील शतकानुशतकांची माती त्यांनीं विणकामाची बारीक सुई आणि चेहऱ्यास लावण्याचें मलम वापरून काढली. मातीखालचें सत्य न दुखावतां वर काढावयाचें, हेंच त्यांच्या नवऱ्याचें काम आणि हेंच त्यांच्या कथांचेंही काम.

आतां त्यांच्या दुसऱ्या प्रसिद्ध पात्राकडे वळूं. मिस् मार्पल ही सेंट मेरी मीड या कल्पित इंग्रजी खेड्यांत राहणारी अविवाहित वृद्धा. ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ या १९३० च्या कादंबरींत ती प्रथम ठळकपणें पुढें आली. हिच्याजवळ पिस्तूल नाहीं. ती लोकरीचें विणकाम करीत बसते, बागेंत पक्षी पाहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचें बोलणें ऐकते. वाचकहो, ही बाई तुम्हांस परकी वाटते काय? कंधार किंवा औशाकडील कोणत्याही खेड्यांत जा. ओसरीवर वाती वळीत बसलेली एखादी आजीबाई तुम्हांस भेटेलच. कोणाच्या घरीं पाहुणे आले, कोणाची चूल आज उशिरां पेटली, कोणती सून माहेराहून कां लवकर परतली, हें सारें तिला ठाऊक असतें. गांवांत नवें कांहीं घडलें, कीं ती चाळीस वर्षांपूर्वींचा तसाच प्रसंग सांगते. मिस् मार्पलची रीत अगदीं हीच. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखा. तो आपल्या गल्लींत नीट पाहिला, तर जगांत कोठेंही ओळखतां येतो. फरक इतकाच, कीं तें ज्ञान आजीबाई पुष्कळदां कुचाळकीसाठीं खर्च करते आणि मिस् मार्पल न्यायासाठीं.

आतां सणाच्या प्रश्नाचें उत्तर. १९३८ सालच्या ‘हर्क्यूल प्वारोज ख्रिसमस’ या कादंबरींत एक वृद्ध धनाढ्य पिता नाताळासाठीं आपल्या सर्व मुलांना घरीं बोलावितो. वर्षानुवर्षें दूर राहिलेले भाऊ एका छपराखालीं येतात. जुने रुसवे, पैशाची आशा आणि आईला सोसाव्या लागलेल्या दुःखाची आठवण, हें सारें त्यांच्याबरोबरच येतें. सणाच्या दिवशीं चेहरे हंसरे ठेवावेच लागतात. त्यामुळें मनांतील राग आंतल्या आंत अधिकच उकळतो, असें प्वारो या कथेंत सुचवितो. नाताळच्या आदल्या रात्रीं त्या पित्याचा खून होतो. ही गोष्ट इंग्लंडची खरी. पण दिवाळीस भाऊ-भाऊ गांवीं जमले असतां, फराळाचीं ताटें उचलण्यापूर्वींच शेताच्या वाटणीचा विषय निघाला, असें आपल्याकडील किती वाड्यांत झालें असेल! सण माणसांना जवळ आणतो, आणि जवळ आल्यावरच मनांतील अंतर दिसूं लागतें. रहस्यकथेंत तें अंतर उघडकीस येतें. शेवटीं दोषी वेगळा निघतो, आणि उरलेलीं माणसें एकमेकांकडे पुन्हां मोकळ्या डोळ्यांनीं पाहूं शकतात. वाचकाला सणांत जें हवें असतें तें हें, रक्त नव्हे. घरावरचें मळभ गेलें, ही भावना त्याला हवी असते.

हा विचार १९५८ सालच्या ‘ऑर्डिअल बाय इनोसन्स’ या कादंबरींत त्यांनीं अधिक स्पष्टपणें मांडला आहे. एका खुनाबद्दल शिक्षा झालेला मुलगा तुरुंगांतच मरण पावतो. पुढें तो निर्दोष होता असा पुरावा घेऊन एक गृहस्थ येतो. त्याला वाटतें, घरचीं माणसें आनंदित होतील. होतें उलटेंच. तो दोषी नसेल तर दोषी आपल्यांतलाच कोणी तरी, या विचारानें प्रत्येक जण दुसऱ्याकडे भीतीनें पाहूं लागतो. गुन्हेगाराचें काय व्हावयाचें तें होवो, पण खरें उघडकीस येईपर्यंत निर्दोष माणसें जन्मठेप भोगीत असतात, ही खंत बाईंच्या लेखनांत पुनःपुन्हां आढळते.

त्यांचें ‘द माउसट्रॅप’ हें नाटक २५ नोव्हेंबर १९५२ रोजीं लंडनमध्यें रंगभूमीवर आलें. हिमवृष्टीनें अडकलेलीं कांहीं माणसें एका एकाकी घरांत सांपडतात, असा त्याचा देखावा आहे. कोविडच्या महामारीमुळें मार्च २०२० मध्यें खंड पडेपर्यंत तें अव्याहत चाललें होतें. मे २०२१ मध्यें तें पुन्हां सुरूं झालें. जगांत इतका दीर्घकाळ चाललेलें दुसरें नाटक नाहीं. दोषी कोण हें बाहेर कोणास सांगूं नये, अशी विनंति प्रयोगाच्या शेवटीं प्रेक्षकांस करण्यांत येते. तेव्हां आम्हीही तें सांगणार नाहीं. नाटकाचें उत्पन्न बाईंनीं आपल्या लहान नातवास वाढदिवसाची भेट म्हणून देऊन टाकलें.

परंतु या नाटकामागें एका दुसऱ्या बालकाची कहाणी आहे, ती थोड्यांना ठाऊक असते. १९४४ सालीं वेल्समधील डेनिस ओ’नील व त्याचा धाकटा भाऊ यांना, घरीं नीट सांभाळ होत नसल्यामुळें, सरकारी व्यवस्थेनें श्रॉपशर परगण्यांतील एका शेतकरी दांपत्याकडे ठेवलें. तेथें त्यांचे अन्नावांचून आणि मारानें हाल झाले. जानेवारी १९४५ मध्यें बारा वर्षांचा डेनिस मरण पावला. इतक्या महिन्यांत मुलांची पुरेशी विचारपूस कोणीच केली नव्हती. साऱ्या देशांत संताप उसळला, चौकशी झाली, आणि निराधार मुलांच्या संगोपनाविषयीं १९४८ सालीं इंग्लंडांत नवा कायदा होण्यास ही घटना बऱ्याच अंशीं कारण झाली. १९४७ सालीं राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त बी. बी. सी. नें नभोवाणीसाठीं बाईंकडून एक नाटिका लिहून घेतली. उत्सवाची नाटिका, पण तिचें बीज बाईंनीं या अभागी मुलाच्या हकीकतींतून घेतलें. त्याच नाटिकेचें पुढें ‘द माउसट्रॅप’ झालें. हिरव्यागार शेतांच्या आणि रम्य घरांच्या आड एखादें मूल रडत असूं शकतें. आणि शेजाऱ्यांनीं, शिक्षकांनीं, अधिकाऱ्यांनीं वेळींच डोळे उघडले नाहींत, तर तो दोष कोणा एकाचा राहात नाहीं. दूरच्या खेड्यांतून वसतिगृहांत व नातलगांकडे राहून शिकणारीं मुलें आपल्या जिल्ह्यांतही पुष्कळ आहेत. त्यांच्या सांभाळाचा भार ज्यांच्या शिरावर आहे, त्या सर्वांनीं ही हकीकत मनन करावी.

आतां त्या काळ्या खड्याची गोष्ट पुरी करूं. १९६१ सालीं बाईंनीं ‘द पेल हॉर्स’ ही कादंबरी लिहिली. विषावरून आपणांस थोर समजणारा तो जुना औषधविक्रेता त्यांना येथें उपयोगी पडला. या कादंबरींत थॅलियम नांवाच्या विषानें होणाऱ्या आजाराचीं लक्षणें त्यांनीं बारकाईनें वर्णिलीं आहेत. त्यांत केस गळूं लागणें हें मुख्य. १९७७ सालीं कतार देशांतून एकोणीस महिन्यांची एक बालिका अत्यवस्थ स्थितींत लंडनच्या रुग्णालयांत आणण्यांत आली. नामांकित डॉक्टरांस रोगाचें निदान होईना. तिची शुश्रूषा करणारी परिचारिका त्याच वेळीं ‘द पेल हॉर्स’ वाचीत होती. मुलीचे केस विरळ झालेले पाहून तिच्या मनांत शंका आली आणि तिनें ती धिटाईनें बोलून दाखविली. तपासणी होतांच थॅलियमच आढळलें. घरांत झुरळें व उंदीर मारण्यासाठीं ठेवलेलें विष मुलीच्या पोटांत गेलें होतें. योग्य उपचार झाले आणि बालिका वांचली. लेखिकेच्या निधनास त्या वेळीं वर्षाहून अधिक काळ लोटला होता. तरुणपणीं दशांश चिन्ह तपासून ज्या बाईंनीं एका रोग्यास वांचविलें, त्यांच्या अचूक ज्ञानानें त्यांच्या पश्चातही एक जीव वांचविला!

दुसऱ्या महायुद्धांतही त्या लंडनच्या एका रुग्णालयाच्या औषधशाळेंत पुन्हां कामास लागल्या होत्या. बाँबवर्षाव चालू असतां त्यांनीं प्वारोची अखेरची कथा व मिस् मार्पलची एक कथा लिहून तिजोरींत ठेवून दिल्या. त्या अनुक्रमें १९७५ व १९७६ सालीं प्रसिद्ध झाल्या. त्यांनीं एकंदर ६६ रहस्यकादंबऱ्या, अनेक कथासंग्रह व नाटकें लिहिलीं. शिवाय दुसऱ्या नांवानें सहा सामाजिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या पुस्तकांच्या सुमारें दोन अब्ज प्रती खपल्या असाव्यात असें मानलें जातें. १९७१ सालीं त्यांना ‘डेम’ ही मानाची पदवी मिळाली. १२ जानेवारी १९७६ रोजीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं, वॉलिंगफर्ड येथील राहत्या घरीं त्यांचें निधन झालें. जवळच्याच चोल्झी खेड्यांतील चर्चच्या आवारांत त्यांची समाधि आहे. ज्या खेड्यांचें मन त्यांनीं जगापुढें उलगडलें, तशाच एका खेड्याच्या मातींत त्या विसावल्या.

त्यांच्या लेखनांत उणेपणा नाहीं असें नाहीं. परदेशीयांविषयीं व कृष्णवर्णीयांविषयीं त्यांच्या काळांतील इंग्रज समाजाचे पूर्वग्रह त्यांत अधूनमधून डोकावतात. १९३९ च्या त्यांच्या प्रसिद्ध कादंबरीचें मूळ नांवच कृष्णवर्णीयांस अपमानास्पद होतें. तें पुढें बदलण्यांत आलें. २०२३ च्या ‘मर्डर इज ईझी’ मध्यें सत्याचा शोध घेणारा नायक नायजेरियांतून आलेला तरुण दाखविला आहे, हें काळ पालटल्याचें चिन्ह होय. आपल्याकडे त्यांच्या कथा अनेक वाटांनीं आल्या. राजा नवाथे यांनीं दिग्दर्शित केलेला १९६५ चा ‘गुमनाम’ आणि १९७३ चा ‘धुंद’ हे हिंदी चित्रपट त्यांच्याच कल्पनांवर बेतलेले आहेत. आणि मराठी रंगभूमीवरील नामवंत नट मधुकर तोरडमल यांनीं त्यांच्या कादंबऱ्यांचे मराठींत अनुवाद केले.

असो. या चरित्रापासून काय घ्यावयाचें? विद्यार्थ्यांनीं रहस्यकथा वाचूं नये असें आम्ही म्हणणार नाहीं. अभ्यास आटोपून वाचावी, आणि शेवटचें पान आधीं उघडूं नये! पण वाचतांना आपण कोणावर संशय घेतला आणि तो कां चुकला, हें प्रामाणिकपणें पाहावें. वर्गांत पेन हरवलें कीं, ज्याचे कपडे फाटके त्याच्याकडे आपलें बोट आधीं वळतें. पुरावा पाहण्यापूर्वीं वळलेलें बोट हाही एक गुन्हाच आहे, आणि अशा गुन्ह्यास कोणतेंही न्यायालय शिक्षा करीत नाहीं. पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलाच्या हातांतील असें पुस्तक हिसकावून घेण्यापूर्वीं एकदां त्याला विचारावें, कीं यांत आळ कोणावर आला आणि तो कसा दूर झाला? तें सांगतां सांगतां त्याचे डोळे चमकले, तर खुशाल समजावें कीं त्याच्या मनांत न्यायाची आवड रुजूं लागली आहे. अगाथा ख्रिस्ती यांच्या दीर्घ परिश्रमांचें याहून मोठें फळ दुसरें कोणतें?